ढालीवरची हिरवी खूण आणि तिच्या आतलं

वाचक विचारतात : डेस्कटॉपची अंगभूत सुरक्षा

या अंकातले प्रश्न कोल्हापूर शहर आणि आसपासच्या वाचकांचे आहेत. कमांड आणि मेनूंची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत टाकायची. रेघ, टिंब आणि मोकळी जागा मात्र इथे आहे तशीच ठेवायची.

प्रश्न : दुकानातल्या कम्प्युटरवर खाली कोपऱ्यात ढालीवर कायम हिरवी खूण असते. स्कॅन मारलं तरी ‘काही धोका नाही’ असंच येतं. पण दोन महिने झाले, काही उघडलेलं नसताना पंखा जोरात फिरतो आणि टास्क मॅनेजर उघडला की गप्प होतो. ही काय भानगड आहे?
– होलसेल दुकानदार, लक्ष्मीपुरी

उत्तर : टास्क मॅनेजर उघडल्यावर पंखा गप्प होणं ही त्या हिरव्या खुणेपेक्षा जास्त बोलकी खूण आहे. दुसऱ्याच्या कम्प्युटरवर चोरून क्रिप्टोची कमाई करणारे काही प्रोग्राम टास्क मॅनेजरवर डोळा ठेवून असतात. तो उघडला की काम थांबवतात, मिटला की पुन्हा सुरू. हिरवी खूण खोटी नाही, पण ती एवढंच सांगते की संरक्षणाची बटणं चालू आहेत. ‘अमुक फोल्डरकडे बघू नकोस’ असं डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या अंगभूत अँटिव्हायरसला, कुणी सांगून ठेवलं असेल, तर ते ती सांगत नाही.

म्हणून आधी तेच बघा. विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’वर जा आणि पान अगदी तळापर्यंत सरकवा. तिथे ‘एक्सक्लूजन्स’ आहे. घरच्या किंवा दुकानाच्या मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. तिथे नुसतं ‘सी:\’ दिसलं तर अख्खी ड्राइव्ह तपासणीतून वगळलेली आहे. डाउनलोड्स किंवा प्रोग्रामडेटा दिसलं तरी तितकंच वाईट. फुकटात विंडोज अॅक्टिव्हेट करणाऱ्या ‘क्रॅक’सोबत येणारी पहिली सूचनाच ही असते, की आधी डिफेंडरमध्ये सूट द्या. काही क्रॅक ते काम न विचारता स्वतःच उरकतात. टॅम्पर प्रोटेक्शन चालू असलं म्हणून निर्धास्त राहू नका. घरगुती मशीनवर ते डिफेंडर बंद पाडू देत नाही, पण अॅडमिनची परवानगी मिळवलेला प्रोग्राम सूट टाकू शकतो. ‘यस’ आपणच दाबलेलं असतं.

ही सूट कधी पडली तेही कळतं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून ‘अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, मग ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘विंडोज डिफेंडर’, ‘ऑपरेशनल’ या क्रमाने आत जा आणि ५००७ क्रमांकाच्या नोंदी बघा. डिफेंडरच्या सेटिंगमध्ये झालेला प्रत्येक बदल तिथे जुन्या-नव्या मूल्यासह असतो. नव्या मूल्यात ‘एक्सक्लूजन्स\पाथ्स’ असे शब्द दिसले, तर ती तारीख आणि वेळ लिहून घ्या. बहुतेकदा ती ‘मशीन फॉरमॅट करून दिलं’ त्या दिवसाशी जुळते. ५००१ म्हणजे तत्काळ संरक्षण बंद केलं गेलं, १११६ म्हणजे काहीतरी सापडलं. ५००७च्या सगळ्याच नोंदींनी घाबरू नका; विंडोज स्वतःही काही बदल करतं.

आणखी एक तपासणी अर्ध्या मिनिटाची. पॉवरशेल ही कमांड टाइप करायची खिडकी अॅडमिन म्हणून उघडा आणि ‘गेट-एमपीकम्प्युटरस्टेटस’ टाका. लांबलचक यादी येते, त्यातल्या चारच ओळी वाचायच्या. ‘रिअलटाइमप्रोटेक्शनएनेबल्ड’ आणि ‘इजटॅम्परप्रोटेक्टेड’ या दोन्ही ‘ट्रू’ हव्यात. ‘अँटिव्हायरससिग्नेचरएज’ म्हणजे व्हायरसची यादी किती दिवस जुनी आहे ते. नेट असलेल्या मशीनवर तिथे ० किंवा १ असतं. आणि ‘फुलस्कॅनएज’समोर ४२९४९६७२९५ असा भलामोठा आकडा दिसला तर मशीन बिघडलेलं नाही. त्या रकान्यात मावणारा तो सगळ्यात मोठा आकडा आहे आणि त्याचा अर्थ, पूर्ण स्कॅन आजवर एकदाही झालेलं नाही. ढाल रोज दाखवते ते क्विक स्कॅन.

आता उपाय, याच क्रमाने. डिफेंडर अपडेट करा. सूट काढून टाका. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधलं ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात आणि निकाल ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’त येतो. चालू विंडोजमध्ये लपून बसणारा प्रोग्राम इथे सुरूच झालेला नसतो, म्हणून सापडतो. पण विंडोजच क्रॅक असेल तर हा सगळा खटाटोप वरवरचाच. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवून मशीन नव्याने लावा, लायसन्स घ्या, आणि बँकेचे व जीएसटीचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. बिलिंगला बसणाऱ्या मुलासाठी अॅडमिन नसलेलं ‘स्टँडर्ड’ खातं काढा. हा शेवटचा बदल फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा.

प्रश्न : आमच्याकडे पॅटर्न डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर (लायसन्सच्या यूएसबी किल्लीवर) चालतं. नव्या मशीनवर विंडोज ११ ‘मेमरी इंटिग्रिटी बंद आहे’ असा पिवळा इशारा देतं. चालू करायला गेलं की ‘इनकम्पॅटिबल ड्रायव्हर’ म्हणतं. करायचं काय?
– फाउंड्री, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : उद्यमनगर आणि शिरोलीकडच्या कारखान्यांतून हा प्रश्न येणारच. मेमरी इंटिग्रिटी म्हणजे विंडोजच्या गाभ्यात शिरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची (उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) तपासणी प्रोसेसरच्या मदतीने वेगळ्या, बंद कप्प्यात करायची. त्या कप्प्यापर्यंत बाधित विंडोजचाही हात पोचत नाही. इथला मुख्य नियम असा, की मेमरीच्या एकाच पानावर लिहायचंही आणि तेच पान प्रोग्राम म्हणून चालवायचंही, असं ड्रायव्हरला करता येणार नाही. डोंगलच्या कित्येक जुन्या ड्रायव्हरांची घडण नेमकी तशीच आहे. नक्कल ओळखण्यासाठी ते स्वतःचा कोड चालता चालता उलगडतात. म्हणून ते व्हायरस नसूनही अडतात.

‘डिव्हाइस सिक्युरिटी’त ‘कोअर आयसोलेशन डिटेल्स’ उघडा आणि ‘रिव्ह्यू इनकम्पॅटिबल ड्रायव्हर्स’वर टिचकी मारा. फाइलचं नाव येईल आणि सोबत ‘ओईएम२७.आयएनएफ’सारखं प्रकाशित नाव. आकडा प्रत्येक मशीनवर वेगळा असतो, तो लिहून घ्या. बऱ्याचदा हा ड्रायव्हर चालू डोंगलचा नसतोच. कधीकाळी जोडलेल्या स्कॅनरचा किंवा काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचा तो उरलेला असतो. आधी रिस्टोअर पॉइंट घ्या. मग अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पीएनपीयूटिल /डिलीट-ड्रायव्हर ओईएम२७.आयएनएफ /अनइन्स्टॉल’, आणि रीस्टार्ट. आकडा चुकला तर दुसऱ्याच उपकरणाचा ड्रायव्हर जाईल, म्हणून ‘पीएनपीयूटिल /एनम-ड्रायव्हर्स’ने नाव आणि कंपनी एकदा ताडून घ्या.

ड्रायव्हर चालू डोंगलचाच निघाला तर डोंगल बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर मिळतो का बघा. सॉफ्टवेअर विकणाऱ्याने दिलेली सीडी दहा वर्षांपूर्वीची असते, डोंगल कंपनीचा ड्रायव्हर मात्र बरेचदा पुढे गेलेला असतो. तोही नसेल तर आमचं मत सरळ आहे : त्या एका मशीनवर मेमरी इंटिग्रिटी बंद राहू द्या, पण मशीन नेटवरून काढा आणि ड्रॉइंग पेनड्राइव्हने न्या-आणा. पिवळा इशारा घालवण्यासाठी चालू धंद्याचं सॉफ्टवेअर बंद पाडू नका.

बटण चालू झालं तरी संरक्षण खरंच सुरू झालं का, हे ‘एमएसइन्फो३२’मध्ये कळतं. ‘व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी’समोर ‘रनिंग’ हवं. ‘एनेबल्ड बट नॉट रनिंग’ असेल तर बायोसमधलं (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमधलं) व्हर्च्युअलायझेशन बहुधा बंद आहे; इंटेलच्या बोर्डावर ते व्हीटी-एक्स आणि एएमडीच्या बोर्डावर एसव्हीएम या नावाने असतं. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांत या तपासणीची सोय चिपमध्ये नाही, ती सॉफ्टवेअरने भागवावी लागते, त्यामुळे मशीन जड झालेलं जाणवतं.

प्रश्न : सकाळी दुकान उघडून कम्प्युटर चालू केला की तारीख २०१८ची येते, बँकेची साइट उघडत नाही, आणि परवापासून सिक्युअर बूटही बंद दाखवतोय. व्हायरस असेल का?
– कापड दुकान, गांधीनगर

उत्तर : व्हायरस नाही, मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. सीआर२०३२ नावाचा, रुपयाएवढा, ३ व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मशीनला मेनचा पुरवठा असेपर्यंत घड्याळ एसएमपीएसवर (मशीनच्या पॉवर सप्लायवर) चालतं, सेलला हात लागत नाही. पण आपल्याकडे दुकान बढवताना मेन स्विच पाडून जायची पद्धत आहे. मग रोज रात्री दहा-बारा तास सगळा भार सेलवर येतो आणि तो लवकर बसतो. तारीख मागे गेली की साइटची प्रमाणपत्रं ‘अजून सुरूच झालेली नाहीत’ असं ब्राउझरला वाटतं, म्हणून बँक उघडत नाही. अपडेटही याच कारणाने अडतात.

वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवा, क्लिप हलकेच बाजूला सारून सेल उचला, नवा बसवताना अधिकची बाजू वर. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.८च्या खाली आलेला टाकून द्या. त्यानंतर बायोसमध्ये जाणं विसरू नका, कारण सेल बसला की सेटिंग्ज कारखान्यातल्या होतात आणि काही बोर्डांवर त्यात सिक्युअर बूट बंद असतं. तारीख लावा, यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) मोड निवडा, सीएसएम (जुन्या पद्धतीची सोय) बंद करा, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेले प्रोग्राम चालू देणारी सोय) आणि टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) चालू करा. टीपीएम इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने शोधा. विंडोजमध्ये परत आल्यावर पॉवरशेलमध्ये ‘कन्फर्म-सिक्युअरबूटयूईएफआय’ टाकलं की ‘ट्रू’ यायला हवं.

एक धोका आधीच सांगतो. डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय) असेल तर या बदलानंतर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं असेल तर एन्क्रिप्शन तुमच्या नकळतही चालू झालेलं असू शकतं. सेल काढण्याआधी ती की खात्यात सापडते का पाहा आणि कागदावर उतरवून ठेवा. त्याच कम्प्युटरवर साठवलेली की कपाटाची किल्ली कपाटातच ठेवल्यासारखी आहे.

प्रश्न : मी ऑफिसात नसताना कोणी माझा कम्प्युटर उघडतं असा संशय आहे. कॅमेरा न लावता कळेल का?
– कर सल्लागार, राजारामपुरी

उत्तर : बऱ्यापैकी कळेल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’, ‘सिक्युरिटी’, मग ‘फिल्टर करंट लॉग’मध्ये ४६२४ टाका. हे यशस्वी लॉगइन. यादी बघून छाती दडपेल, कारण विंडोजच्या स्वतःच्या सेवाही लॉगइन करत असतात. नोंद उघडून ‘लॉगॉन टाइप’ बघायचा. ५ म्हणजे सेवा, सोडून द्या. २ म्हणजे कीबोर्डसमोर बसलेला माणूस, ७ म्हणजे लॉक काढलं, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडलेलं लॉगइन कधी ११ म्हणूनही पडतं. ४६२५ म्हणजे चुकलेला पासवर्ड. या नोंदी पडतच नसतील तर अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ऑडिटपॉल /सेट /सबकॅटेगरी:"लॉगॉन" /सक्सेस:एनेबल /फेल्युअर:एनेबल’ टाका. ४७२० दिसलं तर नवं खातं तयार केलं गेलं आहे, आणि ११०२ दिसलं तर सिक्युरिटी लॉगच कुणीतरी पुसला. पुसणाऱ्याच्या खात्याचं नाव त्या नोंदीतच असतं, ही विंडोजची चांगली खोड.

हा लॉग मुळात २० एमबीचा असतो आणि भरला की जुन्या नोंदी मिटवतो. ‘सिक्युरिटी’वर उजवी टिचकी, ‘प्रॉपर्टीज’, आणि कमाल आकार २०४८०ऐवजी १३१०७२ केबी करा. मशीन झोपेतून कधी उठलं हे ‘सिस्टम’ लॉगमध्ये ‘पॉवर-ट्रबलशूटर’च्या १ क्रमांकाच्या नोंदीत कळतं, झोपेची वेळ, उठण्याची वेळ आणि उठवलं कशाने, तिन्ही असतं. रविवारी दुपारी पॉवर बटणाने उठलं असेल तर कोणाकडे किल्ली होती ते तुम्हीच ठरवा.

एक पळवाट मात्र या सगळ्यातून निसटते. सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी तंत्रज्ञाने ‘रिमोटवर’ घेण्याचा प्रोग्राम टाकला असेल आणि कायमचा पासवर्ड ठेवला असेल, तर तो तुमच्या उघड्याच सत्रात शिरतो. १० प्रकारचं लॉगइन पडत नाही. तो पकडायचा असेल तर ‘सिस्टम’ लॉगमध्ये ७०४५ शोधा. नवी सेवा बसवली गेली की ही नोंद पडते, नाव आणि फाइलच्या जागेसह. काम झालं की असा प्रोग्राम काढून टाकायला लावा. लाजू नका.

प्रश्न : पावसाळ्यात लाइट सारखी जाते. इव्हेंटमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ लाल अक्षरांत येतं आणि एसएफसी दर महिन्याला ‘करप्ट फाइल्स दुरुस्त केल्या’ म्हणतं. कोणी सिस्टममध्ये छेडछाड करतंय का?
– कसबा बावडा

उत्तर : ४१ म्हणजे फक्त ‘मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो’. आतला ‘बगचेककोड’ ० असेल तर बहुधा लाइट गेली किंवा मशीन गोठल्यावर बटण दाबून ठेवलं. यूपीएस घ्या, विषय संपला.

एसएफसीचं, म्हणजे विंडोजच्या फाइली तपासणाऱ्या कमांडचं, मात्र मनावर घ्या. आधी क्रम नीट करा : ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ (डिझमची अक्षरं डीआयएसएम), ते संपल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’. एसएफसी ज्या साठ्यातून चांगली फाइल उचलतं तो साठा डिझम दुरुस्त करतं, म्हणून उलट क्रमाने केलेलं वाया जातं. डिझम ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ अडलेलं दिसतं. खिडकी बंद करू नका, थांबा. ‘०एक्स८००एफ०८१एफ’ ही चूक आली तर त्याला दुरुस्तीच्या फाइली मिळालेल्या नाहीत. विंडोज ११मध्ये तेव्हा ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘रिकव्हरी’मधलं ‘फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट’ वापरा. फाइली आणि प्रोग्राम जागेवर राहतात.

एकदा बिघाड सापडणं समजू शकतो. दर महिन्याला सापडत असेल तर दोष डिस्क, वायर किंवा रॅममध्ये शोधा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कच्या आतल्या नोंदी दाखवतं. साध्या साटा डिस्कवर ०५ आणि सी५ या ओळी बघा : खराब म्हणून बदललेले भाग आणि बदलायच्या रांगेतले भाग. हे आकडे वाढत असतील तर आजच बॅकअप. ०५ आणि सी५ शून्य, पण सी७ वाढतोय, तर डिस्क चांगली आहे आणि साटा केबल सैल किंवा खराब आहे. थोड्या पैशांत काम होतं. आकडे दहाऐवजी सोळाच्या पटीने मोजायच्या पद्धतीत दिसतात, त्यामुळे ‘१४’ म्हणजे वीस. डिस्कही ठीक असेल तर ‘एमडीएससीएचईडी’ टाकून रॅमची चाचणी लावा आणि जेवून या.

आणि हे लक्षात असू द्या की एसएफसी फक्त विंडोजच्या संरक्षित फाइली मूळ प्रतीशी ताडतं. बाहेरून आलेली नवी फाइल त्याला दिसतच नाही. ‘एसएफसी स्वच्छ’ म्हणजे ‘व्हायरस नाही’ असं होत नाही.

प्रश्न : उबुंटूच्या सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस सिक्युरिटी’खाली ‘चेक्स फेल्ड’ येतं. मशीन हॅक झालंय का?
– विद्यार्थी, सागरमाळ

उत्तर : नाही. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारातलं ते पान तुमच्या फर्मवेअरची (बोर्डातल्या अंगभूत सॉफ्टवेअरची) पात्रता मोजतं, घुसखोरी नाही. टर्मिनलमध्ये ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर सिक्युरिटी’ टाका, प्रत्येक तपासणी वेगळी दिसेल. दर्जा एचएसआय ० ते ४ असा असतो. सुटे भाग जोडून बनवलेल्या डेस्कटॉपवर ० येणं अगदी नेहमीचं आहे, कारण बायोसच्या चिपवर लिहिण्याची मुभा बोर्ड कंपनीने उघडी ठेवलेली असते आणि ते तुमच्या हातात नाही. सिक्युअर बूट आणि टीपीएम तुमच्या हातात आहेत, ते चालू करा. आकड्यापुढे उद्गारचिन्ह असेल तर चालू सिस्टममध्ये काहीतरी खटकतंय; एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर ‘कर्नल टेंटेड’ (गाभ्यात बाहेरचा ड्रायव्हर मिसळला) एवढंच कारण असू शकतं.

घुसखोरी तपासायची तर ‘सुडो डीपीकेजी --व्हेरिफाय’. पॅकेजमधून आलेली जी फाइल बदललेली असेल तेवढीच ओळ छापली जाते. मध्ये ‘सी’ अक्षर असलेल्या ओळी सेटिंगच्या फाइलींच्या, त्या तुम्हीच बदललेल्या असतात. ‘/यूएसआर/बिन’मधली फाइल यादीत आली तर मात्र खुर्ची सावरून बसा. पण ज्या बेरजांशी (फाइलींवरून काढलेल्या ओळखीच्या आकड्यांशी) ताडलं जातं त्या त्याच डिस्कवर असतात. रूट, म्हणजे सगळे अधिकार, मिळालेला चोर त्याही बदलू शकतो. म्हणून मशीन नवं असतानाच ‘एड’ (अक्षरं एआयडीई) हा फाइलींतले बदल ओळखणारा प्रोग्राम बसवून त्याचा डेटाबेस पेनड्राइव्हवर काढून ठेवतात आणि नंतर त्याच्याशी ताडतात. आधीच शंका आलेल्या मशीनवर एड बसवून काही कळणार नाही, ते बिघडलेल्या स्थितीलाच मूळ मानेल.

प्रश्न : विंडोज १०वर डिफेंडर अजून अपडेट होतोय. मग बदलायची घाई कशाला?
– शाहूपुरी

उत्तर : डिफेंडरची व्हायरस-यादी २०२८पर्यंत येत राहणार आहे, विंडोज १०च्या आतल्या भोकांची दुरुस्ती नाही. ती १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. नाव नोंदवलेल्या घरगुती मशीनसाठी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचीच ठरलेली आहे. वॉचमन जागा आहे, पण खिडकीची कडी मोडली आहे.

प्रश्न : स्क्रीनवर मोठ्याने भोंगा वाजून ‘तुमचा पीसी लॉक झाला, या नंबरवर फोन करा’ असं येतं. माउसही हलत नाही.
– निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ

उत्तर : फोन करू नका, बाई. तो इशारा विंडोजचा नाही, ब्राउझरमधलं एक पान फुल स्क्रीन झालेलं आहे. विंडोज सिक्युरिटीच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप कळ काही सेकंद दाबून धरा. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा, ‘एंड टास्क’. पुन्हा ब्राउझर उघडताना ‘रिस्टोअर पेजेस’ विचारलं तर नको म्हणा, नाहीतर तेच पान परत येईल. असे इशारे कोपऱ्यातून येत राहिले तर क्रोमच्या ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून परवानगी दिलेल्या अनोळखी साइट काढून टाका. त्या नंबरवर आधीच बोलणं झालं असेल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा, आणि तोवर कम्प्युटरची नेटची वायर काढून ठेवा.